पुढची सीट

बैल घ्यायला जाताना लाडक्या घरून नवं दावं घेऊन जाई. विकणाऱ्याचं दावं विकणाऱ्याच्याच खुंटीला राहतं, आपण आपलं न्यायचं, अशी सूर्यमाळच्या त्यांच्या पाड्यावरची रीत. त्यामुळं मुकेश गाडी घ्यायला जव्हारला निघाला त्या सकाळीही म्हाताऱ्यानं पिशवीत वाखाचं कोरं दावं घातलं. मुकेशनं ते बघितलं आणि एसटीत चढायच्या आधीच तो लाजेनं अर्धा झाला.

"बा, गाडीला दावं कठं बांधनार तू?"

"नको बांधू. जड थोडंच हाय?" म्हातारा म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला.

बळवंतभाऊंचं आवार डेपोमागच्या उतारावर होतं. पत्र्याच्या कुंपणात दहा-बारा जुन्या गाड्या उभ्या, मधे टेबल, टेबलावर फायली आणि फायलींमागं भाऊ. मुकेशनं आठ वर्षं भिवंडीला दुसऱ्याचा टेम्पो चालवला होता, म्हणून इंजिन त्यानं स्वतः ऐकलं, तेल बोटावर घेऊन बघितलं, खाली आडवा होऊन चासी बघितली. गाडी पांढरी, आठ सिटांची, बाजूला सरकती दारं. नऊ वर्षं जुनी, पण निगा राखलेली. आणि बाजारभावापेक्षा तीस हजारांनी स्वस्त.

लाडक्यानं तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. टायर दाबले. दोन दिव्यांच्या मधे, बैलाला जिथं भोवरा असतो तिथं, तळवा ठेवला. मग दहा पावलं मागं जाऊन उकिडवा बसला आणि नुसता बघत राहिला.

"डाव्या अंगाला भार घेते," तो म्हणाला.

"स्प्रिंगा नव्या टाकल्यात आजोबा."

"टाकल्या असशील. तरी घेते."

मुकेशनंही बघितलं. रिकामी गाडी, सपाट जमीन, आणि पुढची डावी बाजू बोटभर खाली. कोणी बसलं असेल तर दिसेल तेवढी.

"कोनाच्या घरची?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जामसरच्या बाजूची. हप्ते थकले, मग आणावी लागली."

"मंग घरच्या बाईनं सोडली नसंल."

"म्हणजे?"

"बैल इकला तर घरची बाई बाहेर येते. पाठीवर हात ठेवते, जा म्हनते. मंग तो जातो. नायतर वर्षभर मागं वळून बघत ऱ्हातो."

भाऊ मनापासून हसले. "आजोबा, हिला कागदानं सोडलीय. हा बघा शिक्का." त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या तरुणाला हाक मारली, "हर्षल, चावी आण रे." हा हर्षल म्हणजे थकलेल्या गाड्या ओढून आणणारा भाऊंचा माणूस, पंचविशीचा, पॉलिश केलेले बूट घालणारा. त्यानं चावी आणली, पण गाडीला वळसा घालून, लांबून. चावी एकच होती. दुसरी हरवली असं भाऊ म्हणाले, नवी चारशेत होईल.

बँकेनं मुकेशला तीनदा काउंटरसमोर उभं करून परत पाठवलं होतं. पगाराची चिठ्ठी आण, जामीनदार आण, जमीन कोणाच्या नावावर ते आण. भाऊंना यातलं काही नको होतं. साठ हजार रोख, बाकीचे चोवीस हप्त्यांत, महिन्याला बावन्नशे, दर पाच तारखेला. वीस सह्या आणि चार कोरे चेक.

"लागोपाठ दोन हप्ते चुकले की गाडी इथं येते," भाऊ अगदी गोड आवाजात म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

साठ हजारांतला मोठा भाग चैतीचा होता. मुकेशच्या या बायकोनं गळ्यातली चांदीची साखळी मोडली होती आणि बचत गटातून पंचवीस हजार उचलले होते. तिला गाडीचा काही सोस नव्हता. तिला वीटभट्टीवर जायचं नव्हतं, एवढंच. सहा वर्षं दिवाळी झाली की ती दोघं भट्टीवर जात. गेल्या साली आश्रमशाळेतून काढून योगितालाही नेली. नऊ वर्षांची पोर दिवसभर कच्च्या विटा उलटायची, आणि रात्री तिच्या बोटांची साल निघालेली असायची. या दिवाळीला मुकादम उचल घेऊन दारात आला तेव्हा चैतीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो जाताना म्हणाला, "शिमग्याला येतो परत. बघू तवा कोन नाय म्हनतं."

गाडी टिकली तर पोर शाळेत राहणार होती. नाही टिकली तर शिमग्याला मुकादमाचा ट्रक होताच.

दुपारी गाडी पाड्यावर आली. पोरं मागं धावली, कोंबड्या उडाल्या. चैती अर्धा हंडा पाणी घेऊन उभीच होती. विहीर खालच्या खोऱ्यात, अर्ध्या तासाची चढण, त्यामुळं अर्धा हंडा म्हणजे थोडं नव्हे. तिनं चारी चाकांवर पाणी घातलं, घरी आणलेल्या बैलाच्या खुरांवर घालतात तसं. नाचणीचं पीठ बॉनेटवर टेकवलं. आणि तिच्या आईकडून ऐकलेलं बोलली, "आलीस ती आमची झालीस. तुझ्यासंगं जे आलं तेबी आमचं."

तेव्हा पुढचं डावं दार कट् करून उघडलं. हळूहळू पूर्ण उघडलं आणि थांबलं.

"कडी ढिली हाय," मुकेश म्हणाला आणि त्यानं दार लावलं.

लाडक्या मात्र चैतीकडं बघत होता. "शेवटचं कशाला बोललीस?"

"असंच बोलतात ना, बाबा?"

"मागचं ठावं असंल तर बोलतात," म्हातारा म्हणाला. त्यानं पिशवीतलं दावं काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि घरात नेऊन खुंटीला टांगलं.

पहिला महिना बरा गेला. पहाटे मुकेश सूर्यमाळची माणसं घेऊन जव्हारला जाई. कोणी दवाखान्यात, कोणी प्रकल्प कार्यालयात, कोणी नुसतंच बाजाराला. दिवसा तो जामसरच्या लायनीवर फिरे. तिथं एक गाडी कमी झाली होती म्हणून त्याला लगेच नंबर मिळाला. गाडी कोणाची कमी झाली हे त्याला कळत होतं, पण तो त्याचा विचार करत नसे. संध्याकाळी तो घरी येई, पैसे चैतीच्या ओंजळीत टाकी, आणि ती ते नाचणीच्या कणगीत ठेवी.

सूर्यमाळच्या माणसांची एकच तक्रार होती. पुढं जो बसे तो म्हणे, जागा फार अपुरी.

"एकटी बसलीस की मामी तू," मुकेश हसून म्हणे.

"एकटी बसले, पन अंग चोरून बसले," मामी म्हणे. उतरताना ती उजवा दंड चोळी.

जामसरच्या माणसांची तक्रार काहीच नव्हती. ती पुढं बसतच नसत. मधे चार, मागं चार, गाडी भरली. नववा माणूस पुढची सीट रिकामी दिसत असूनही खाली उभा राही.

"बस की पुढं."

"नको. मागची गाडी येईल."

"ती तासानं येईल!"

"येऊ दे."

मुकेशला आधी वाटलं, लाजत असतील. मग वाटलं, परक्या तालुक्यातला म्हणून आपल्याला सतावतात. एकदा एक बाई आजारी पोर घेऊन आली. पोराला ताप होता, मागं पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं पुढच्या काचेतून आत बघितलं आणि पोर मागच्यांच्या मांड्यांवर आडवं देऊन स्वतः गाडीमागं चालत निघाली. मुकेशनं गाडी थांबवून तिला पुन्हा पुन्हा बोलावलं. ती मान हलवत राहिली. शेवटी एक जण उतरला आणि त्यानं तिला मागं जागा दिली.

रोजच्या सहा खेपा, दर खेपेला एक भाडं, तीस रुपये. दिवसाचे एकशेऐंशी गेले. कसाबसा हप्ता निघेल एवढ्याच अंदाजावर सगळं उभं होतं, आणि नेमकी हप्त्याचीच सीट रिकामी फिरत होती.

त्यात ते दार. जामसरच्या अलीकडं करवंदीच्या जाळीपाशी एक वळण आहे. तिथून एक पायवाट खाली चार-पाच घरांकडं उतरते. परतीच्या शेवटच्या खेपेला, नेमकं त्या वळणावर, पुढचं डावं दार उघडे. इतर कुठं नाही. गॅरेजवाल्यानं कडी बदलली, मग अख्खं कुलूप बदललं. दार उघडायचं राहिलं नाही. पौष लागला, संध्याकाळपासूनच पठारावर धुकं उतरू लागलं, आणि उघड्या दारातून ते आत येऊन सिटेवर बसल्यासारखं दिसे. मुकेश वाकून दार ओढून घेई. गाडीतली माणसं त्या वेळी बोलायची थांबत.

वळणावर एक बाई असे. डोक्यावर लाकडाची मोळी, पदराचं टोक मुठीत. तिनं कधी हात केला नाही. ती मुकेशकडं बघतही नसे. ती त्याच्या शेजारी बघे.

पौषातला हप्ता कसाबसा गेला. माघातला चौदाशेनं कमी पडला, आणि भाऊंकडं अर्धामुर्धा हप्ता चालत नाही. सहा तारखेला हर्षल जव्हारच्या स्टँडवर आला. भाडी बसलेली असताना, सगळ्यांदेखत त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"दादा, पाच तारीख काल झाली."

"चौदाशे कमी हायत. आत बस ना, बोलू." मुकेशनं पुढचं दार उघडलं.

हर्षल दोन पावलं मागं सरला. "इथंच बरंय."

"बस रं. भाडं नाय मागत."

मागची माणसं एकमेकांकडं बघू लागली. हर्षलचा चेहरा उतरला होता. तो खिडकीशी आला, पण मुकेशच्या बाजूनं, आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "ती सीट बदलून घ्या ना, दादा. जुन्या बाजारात मिळते." मग पुन्हा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पुढच्या पाचला दोन्ही हप्ते. नाहीतर मला यावं लागेल."

त्या महिन्यात चैतीच्या मनात भलतंच आलं. कणगीतले पैसे वाढत नव्हते. सीट रिकामी जाते असं मुकेश सांगे, पण रिकाम्या सिटेवर कोण बसत नाही? नवरा पितो की काय, की जव्हारला आकडा लावतो, की आणखी काही? विचारलं तर तो चिडे. शेवटी पाच तारखेला तीन दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "मी येते उद्या. बाजार करायचा हाय." मुकेशला कळलं ती कशाला येतेय. त्याला ते लागलं, पण तो काही बोलला नाही.

ती सगळ्यात मागं बसली आणि दिवसभर बघत राहिली. जामसरच्या थांब्यावर माणसं चढली. आठ झाली. नववा एक म्हातारा होता, काठी टेकत आलेला, ढवळू म्हणून. तो पुढच्या दारापर्यंत गेला, कोणाला वाट द्यावी तसा बाजूला झाला आणि थांबला. चैतीनं तिथंच खाली उडी मारली.

"बाबा, तुम्ही माझ्या जागी बसा. पन आधी सांगा. पुढं काहाला बसत नाय कोनी?"

ढवळूनं मुकेशकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तुम्हाला ठावं नाय?"

"नाय."

"तठं मानूस बसलाय ना, बाय."

तो हे इतक्या साधेपणानं बोलला की चैतीनं वळून सिटेकडं बघितलं. रेक्झीनची सीट, एका कोपऱ्यात शिवलेली. उन्हात धूळ दिसत होती.

मग ढवळूनं सांगितलं. वळणाखालच्या घरांतला लक्ष्या. ही गाडी त्याची. चार हप्ते थकले, मागच्या श्रावणात तो बूटवाला पोरगा गाडी न्यायला आला. लक्ष्या भांडला नाही. चावी दिली, आणि स्वतः पुढच्या सिटेवर जाऊन बसला. म्हणाला, गाडी जाईल तठं मी जाईन, मी उतरायचा नाय. पोरगा म्हणाला, बस, जव्हारला भाऊ उतरवतील. बायको ठकी वाटेवर उभी होती, ती काही बोलली नाही. गाडी गेली.

"मंग?"

"मंग काय? जव्हारला आवारात गाडी उभी राहिली तवा शीट रिकामी. पोरगा शपथ घेऊन सांगतो, वाटेत कठंच थांबलो नाय. दार लावलेलं. पोलिसांनी घाट बघितला, ओहोळ बघितले. काय नाय घावलं." ढवळूनं काठी बदलली. "बसताना आम्ही समद्यांनी बघितला. उतरताना कोनीच नाय बघितला. मंग तो बसलेलाच हाय ना?"

चैतीला हसू आलं नाही. थंडीचे दिवस नसते तरी तिच्या अंगावर काटा आला असता. आणि त्याच वेळी तिला नवऱ्याची लाज वाटली, म्हणजे आपण त्याच्यावर घेतलेल्या संशयाची. मुकेश स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. दोन महिने तो त्या सिटेशेजारी एकटा गाडी हाकत होता.

घरी आल्यावर तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. लाडक्या चुलीपाशी शेकत होता. त्यानं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मुकेशच बोलला.

"उद्या सीट काढून टाकतो. हर्षलनं सांगितलंच हाय."

"शीट काढून काय होतं?" म्हातारा म्हणाला. "खाट काढली म्हंजे पाव्हना जातो काय?"

"मंग भगत आनू?"

"भगत कशाला? तो काय वाईट हाय? कोनाला चावला? आपल्या गाडीवरच जीव हाय त्याचा." मग तो चैतीकडं वळला. "तू पानी घातलंस चाकावर. संगं जे आलं ते आमचं, तू बोललीस. मी नाय बोललो, मुकेश नाय बोलला. तुझ्या बोलन्यानं तो घरचा झाला. आता घरच्या मानसाला, बाबा उतर, घर आलं, असं कोन सांगनार?"

"मी?"

"आनखी कोन?"

चैती रात्रभर जागीच होती. भीती तर वाटत होतीच. पण मुकादमाचा ट्रक आठवला की ती भीती लहान होई. आणि पहाटे तिला त्या ठकीचं वाटू लागलं. श्रावणापासून ती बाई रोज वळणावर येऊन उभी राहत होती, नवऱ्याला गाडीत बसलेला बघायला, आणि गाडी रोज तिच्यासमोरून त्याला घेऊन पुढं जात होती. आपलीच गाडी. चैतीला ते फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या खेपेला जव्हारच्या स्टँडवर जामसरची माणसं गाडीभोवती उभी होती. मधे चार बसली, मागं चार बसली. त्यांत ढवळूही होता, दवाखान्यातून परत निघालेला. चैती पुढच्या दाराशी गेली. दार उघडलं. पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, आत सरक जरा. मला बी बसू दे."

मागं कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

ती थोडी थांबली. वडीलधारा माणूस सरकून बसायला घेईल तेवढा वेळ. मग दाराकडच्या कडेला टेकून बसली, अर्ध्या सिटेवर, आणि तिनं दार ओढून घेतलं. मुकेशच्या कपाळावर घाम होता. त्यानं गाडी चालू केली.

वाटभर कोणी बोललं नाही. जव्हारचे दिवे मागं पडले, काजूची झाडं गेली, धुकं लागलं. चैती समोर बघत होती. उजव्या दंडाला गारवा लागत होता. ओल्या सदऱ्याचा लागतो तसा. मामी अंग चोरून बसले म्हणत होती ते तिला आता कळलं. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा ती आत ढकलली जायला हवी होती, पण ढकलली गेली नाही. कशाला तरी टेकून थांबली. ती तशीच टेकून राहिली. पुढं पुढं तर तिला त्याची भीतीही वाटेना. नुसता एक दमलेला माणूस शेजारी बसला आहे असं वाटत राहिलं.

वळण आलं. "थांबव," ती म्हणाली.

मुकेशनं गाडी बाजूला घेतली. चैतीचा हात अजून मांडीवरच होता, आणि दार उघडलं.

मोळीवाली बाई तिथं होती. आज मोळी खाली ठेवलेली. जवळून बघितली तेव्हा ती चैतीएवढीच निघाली, तिशीतली, पण गालफडं बसलेली. चैती खाली उतरली. ओल्या गवतात पाय रोवून तिनं दार दोन्ही हातांनी धरलं, पूर्ण उघडं, जितकं जाईल तितकं.

"उतर भाऊ," ती आत बघून म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "घर आलं. गाडीची काळजी नको करू. आम्ही नीट ठेवू तिला."

काहीच झालं नाही. इंजिन घरघरत होतं. धुकं दारातून आत जात होतं. मग गाडी डाव्या अंगावर थोडी आणखी खाली गेली, आणि वर आली. चैतीनं दार धरलेलं होतं म्हणून तिला ते हातात कळलं. बोटभरच, पण वर आली आणि सरळ उभी राहिली.

ठकी चैतीच्या खांद्यावरून मागं बघत होती. तिचे ओठ हलले.

"आलास?" ती म्हणाली.

चैती वळली नाही. तिची तेवढी हिंमत नव्हती. ठकी पुढं आली, पदराचं टोक तिनं दातानं सोडलं आणि आतून एक चावी काढली. काळी, प्लॅस्टिकची कड झिजलेली, लाल दोरा ओवलेली. गाडीची दुसरी चावी. ती तिनं चैतीच्या हातात ठेवली. चावी अंगाच्या उबेनं गरम होती.

"हे कशाला?" चैतीनं विचारलं.

"त्याचं भाडं," ठकी म्हणाली. "लय दिवस बसला."

मग ती बॉनेटपाशी गेली. दोन दिव्यांच्या मधे तिनं तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. "जा बाय," ती गाडीला म्हणाली, "आता तुझं घर तिकडं." आत मुकेशनं मान खाली घातली होती आणि तो रडत होता.

ठकीनं मोळी उचलली, पण डोक्यावर घेतली नाही. तिनं ती पायवाटेच्या मधे उभी धरली, दुसऱ्या कोणी दुसरं टोक घ्यावं तशी, आणि थोड्या वेळानं स्वतःच काखेत मारली. वाट दोघं जातील एवढी रुंद होती. ती एका कडेनं उतरू लागली.

"चल, भात निवंल," ती म्हणाली. ते चैतीला म्हटलेलं नव्हतं.

ती धुक्यात दिसेनाशी झाली तरी गाडीतलं कोणी हललं नाही. मग सरकतं दार वाजलं. ढवळू काठी टेकत खाली उतरला आणि पुढच्या दाराशी आला. त्यानं सिटेच्या आतल्या बाजूला, जिथं चैती बसली नव्हती तिथं, हात ठेवला. लगेच उचलला. पुन्हा ठेवला.

"अजून ऊब हाय," तो म्हणाला. मग त्यानं मुकेशला तीस रुपये दिले, आणि तिथंच बसला.